दिवाणखान्यातून लोकांच्या दालनात : सर रतनजी टाटा

बोईसर, प्रतिनिधी –

सकाळची डहाणू-चर्चगेट गाडी बोईसर, पालघर मागे टाकीत मुंबईकडे धावू लागते, तेव्हा तिच्यातील बहुतेक प्रवाशांच्या मनात कचेरीची वेळ असते. चर्चगेटला उतरून पंधरा-वीस मिनिटे चालत गेले की काळा घोडा परिसरात एक घुमटाची देखणी इमारत लागते. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ते हेच. तिकीट काढून कोणीही आत जावे आणि युरोपीय तैलचित्रांपुढे, चीन-जपानहून आलेल्या नाजूक चिनी मातीच्या भांड्यांपुढे, जेडच्या कोरीव वस्तूंपुढे हवा तितका वेळ उभे राहावे. या ऐश्वर्यातील मोठा भाग एकेकाळी एका गृहस्थाच्या खासगी दिवाणखान्यात होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते गृहस्थ म्हणजे सर रतनजी जमशेटजी टाटा.

नावाच्या सारखेपणामुळे या माणसावर थोडा अन्यायच झाला आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन पावलेले उद्योगपती रतन टाटा सर्वांना माहीत आहेत. जे. आर. डी. टाटांचे वडील रतनजी दादाभाई टाटा यांचे नावही उद्योगाच्या इतिहासात येते. या दोघांच्या मध्ये, किंबहुना दोघांच्या आड, जमशेटजींचा हा धाकटा मुलगा झाकला गेला. पोलाद, वीज वा विज्ञान संस्था असे एखादे भव्य नाव त्यांच्या नावाशी थेट जोडलेले नाही. स्वतःसाठी हौसेने जमविलेले सौंदर्य त्यांनी पुढे सर्वांसाठी मोकळे करून ठेवले, ही त्यांची खरी ओळख होय.

नवसारी ते मुंबई

टाटा घराणे मूळचे नवसारीचे, पारशी धर्मगुरूंचे. आज बोईसरवरून जाणारा लोहमार्ग नवसारी आणि मुंबई यांना जोडतो. परंतु जमशेटजी किशोरवयात वडिलांकडे मुंबईस आले, तेव्हा हा मार्ग अस्तित्वात नव्हता. गुजरातच्या किनाऱ्यापासून मुंबईपर्यंतच्या या पट्ट्यात पारशी वस्ती जुनी. संजाण, उदवाडा, बोर्डी, डहाणू आणि तारापूर ही तिची ठाणी. तारापूरने तर एका आडनावालाच जन्म दिला. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उभे राहिलेले तारापोरवाला मत्स्यालय ज्या दानशूर घराण्याच्या नावाने ओळखले गेले, त्या नावात हेच तारापूर आहे. पैसा मिळवावा आणि त्यातील मोठा वाटा लोकोपयोगी कामाला द्यावा, ही रीत या समाजात एकट्यादुकट्याची नव्हती. रतनजी त्याच परंपरेत वाढले.

त्यांचा जन्म २० जानेवारी १८७१ रोजी मुंबईत झाला. थोरले बंधू दोराबजी त्यांच्याहून सुमारे बारा वर्षांनी मोठे. रतनजी सहा वर्षांचे होण्याच्या सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, वडिलांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. घराण्याच्या वैभवाचा पाया कापसाच्या सुताने घातला गेला तो इथे. रतनजींचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. १८९२ मध्ये नवाजबाई सेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९६ मध्ये ते कुटुंबाच्या पेढीत भागीदार म्हणून दाखल झाले.

जमशेटजींचे मोठे मनोरथ त्या काळी आकार घेत होते. १९०३ च्या डिसेंबरात ताजमहाल हॉटेल सुरू झाले. पोलादाचा कारखाना, पाण्यापासून वीज आणि विज्ञानाची उच्च संस्था ही तीन स्वप्ने मात्र कागदावरच असताना १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांनी देह ठेवला. ती पूर्ण करण्याचा भार मुलांवर आणि निकटच्या सहकाऱ्यांवर आला. दोराबजी धडाडीचे, मैदानी वृत्तीचे होते. खाणी, भट्ट्या आणि भांडवल यांच्या मागे ते धावले. रतनजींनी पेढीचे पूर्वेकडील आणि युरोपातील व्यापारी व्यवहार पाहिले, पोलाद आणि विजेच्या उपक्रमांनाही साथ दिली. त्यांची प्रकृती मात्र तोळामासा होती आणि मनाचा ओढा वेगळीकडे होता.

संग्राहकाची नजर

व्यापाराच्या निमित्ताने रतनजींनी युरोप आणि पूर्वेकडील देश पाहिले. जिथे जात तिथल्या कलावस्तू ते डोळसपणे निवडत. चिनी मातीची भांडी, जेड, जपानी कारागिरी, युरोपातील चित्रे, जुनी शस्त्रे, वस्त्रे असा त्यांचा संग्रह वाढत गेला. त्या काळी मुंबईच्या धनिकांच्या घरी झुंबरे, आरसे आणि विलायती पुतळे यांची रेलचेल असे. बव्हंशी तो थाटाचा भाग होता. रतनजींच्या संग्रहात थाट नव्हता असे नाही. पण त्यामागे अभ्यास आणि सातत्य होते.

१९०६ मध्ये त्यांनी लंडनलगत ट्विकनहॅम येथे थेम्स नदीकाठचे यॉर्क हाऊस विकत घेतले. सतराव्या शतकातील ही वास्तू. मद्रासचे गव्हर्नर राहिलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ हेही एकेकाळी तिचे मालक होते. रतनजींना ती विकणारे गृहस्थ फ्रान्सच्या पदच्युत राजघराण्यातील होते. ते म्हणजे ऑर्लेआंचे ड्यूक फिलिप.

या खरेदीखतामागे कलेच्या इतिहासातील एक लांबचा धागा आहे. ड्यूकच्या खापरपणजोबांच्या काळापर्यंत ऑर्लेआं घराण्याचा चित्रसंग्रह साऱ्या युरोपात नावाजलेला होता. इटालियन प्रबोधनकाळातील थोर चित्रकार टिशियन याचे डायना आणि अ‍ॅक्टिऑन हे पौराणिक चित्र त्या संग्रहाचे भूषण होते. शिकारीला निघालेला तरुण अ‍ॅक्टिऑन चुकून वनदेवता डायनाच्या स्नानस्थळी येतो, देवीचा कोप ओढवून घेतो आणि पुढे तिच्या शापाने हरीण होऊन आपल्याच कुत्र्यांच्या तोंडी सापडतो, अशी ही रोमन पुराणातील कथा. टिशियनने हे चित्र १५५६ ते १५५९ या काळात स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी रंगविले. राजाच्या खासगी महालासाठी रंगविलेले हे चित्र सामान्य माणसाच्या नजरेस पडण्याचा प्रश्नच नव्हता.

अठराव्या शतकाच्या आरंभी ते स्पेनच्या राजाकडून फ्रेंच राजदूताला भेट म्हणून मिळाले आणि तेथून ऑर्लेआं घराण्यात आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत कर्जात बुडालेल्या फिलिप एगालिते या ड्यूकने सारा संग्रह विकला. पुढे तो स्वतः गिलोटिनखाली गेला. चित्रे लंडनला पोहोचली. १७९८ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आणि त्याच्या दोन नातलगांनी ती घेतली, त्यांतील निवडक स्वतःसाठी ठेवली आणि उरलेली विकून टाकली. डायनाचे चित्र त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ एकाच इंग्रज सरदार घराण्याच्या मालकीत राहिले. १९४५ पासून ते एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रदालनात उसनवारीवर मांडले गेले. मालकाने विक्रीचा विचार बोलून दाखविल्यावर २००९ मध्ये लंडन आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दालनांनी मिळून ५ कोटी पौंडांना ते विकत घेतले. २०१२ मध्ये त्याच्या जोडीचे डायना आणि कॅलिस्टो हे चित्र साडेचार कोटी पौंडांना आले. एका राजाच्या महालातून जनतेच्या मालकीत येण्यास पहिल्या चित्राला साडेचारशे वर्षे लागली आणि जनतेला त्याची जबर किंमत मोजावी लागली.

मोठ्या कलाकृती एका श्रीमंताकडून दुसऱ्याकडे जात राहतात. वारस नसला, कर्ज झाले वा क्रांती झाली की त्यांची पांगापांग होते. लोकांपर्यंत त्या पोहोचतात त्या अपघाताने किंवा पैसे मोजून. रतनजींनी आपल्या संग्रहापुरता हा क्रम मोडला.

सागरकन्यांचे कारंजे

यॉर्क हाऊसच्या नदीकाठच्या बागेत आजही एक विलक्षण दृश्य दिसते. खडकांच्या रचनेवर, वाहत्या पाण्याच्या सान्निध्यात, पांढऱ्याशुभ्र संगमरवरातील विवस्त्र सागरकन्या आणि पंख असलेले घोडे यांचा मोठा समूह आहे. ग्रीक पुराणातील सागरदेवतेच्या या कन्या इटलीच्या करारा खाणीतील संगमरवरात कोरलेल्या. आकार माणसाहून मोठा.

या मूर्तींचा पूर्वेतिहास एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. व्हिटेकर राइट नावाच्या इंग्रज धनिकाने सरे परगण्यातील आपल्या प्रचंड हवेलीसाठी त्या मागविल्या होत्या. खाणींच्या समभागांवर त्याने साम्राज्य उभारले आणि भागधारकांना बुडविले. जानेवारी १९०४ मध्ये न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा फर्मावली, तेव्हा न्यायालयाच्या इमारतीतच त्याने विष घेऊन जीवन संपविले. त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला. १९०९ च्या सुमारास या मूर्ती रतनजींकडे आल्या. त्या कशा रचायच्या याचा मूळ आराखडा सोबत नव्हता. त्यामुळे ट्विकनहॅमच्या बागेत त्या बांधकाम करणाऱ्यांच्या कल्पनेनुसार मांडल्या गेल्या. मूळ संकल्पनेत कोणती सागरकन्या कोठे होती, हे कोडे त्या मांडणीने कायमचे मागे ठेवले.

फसवणुकीच्या पैशातून जन्मलेली ही शिल्पे एका हिंदी माणसाच्या बागेत आली आणि इंग्लंडमधील उच्चभ्रू पाहुणे ती पाहण्यास येऊ लागले. रतनजी आणि नवाजबाई यांच्या मेजवान्यांची त्या काळी चर्चा असे. नवाजबाईंना कलेची आणि लोकसंग्रहाची उत्तम जाण होती. साम्राज्याच्या राजधानीलगत एक पारशी दांपत्य राजपुत्राच्या जुन्या घरात मानाने वावरत होते.

एका हाताने संग्रह, दुसऱ्या हाताने दान

याच वर्षांत रतनजींचा दुसरा हिशेब चालू होता. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी हिंदी लोकांच्या हक्कांसाठी सत्याग्रहाचा लढा देत होते. लढा पैशांवाचून अडला होता. १९०९ मध्ये रतनजींनी २५ हजार रुपये पाठविले आणि नंतरही मदत चालू ठेवली. एकूण रक्कम सव्वा लाखावर गेली. त्या काळच्या सव्वा लाखाचे मोल लक्षात घेतले म्हणजे या देणगीचे वजन कळते. गांधीजींना तेव्हा महात्मा म्हणून कोणी ओळखत नव्हते. सरकारला न रुचणाऱ्या लढ्याला उघड साह्य करणे हे व्यापारी घराण्याला सोपे नव्हते.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजालाही रतनजी वर्षाला १० हजार रुपये देत होते. गोखल्यांच्या सनदशीर, अभ्यासू राजकारणावर त्यांचा विश्वास होता. क्षयरोगाविरुद्धच्या कार्यालाही त्यांनी दीर्घ मुदतीचे साह्य दिले.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सशी त्यांनी केलेला करार तर त्या काळाच्या मानाने उलटी गंगाच म्हणावी लागेल. १९१२ मध्ये त्यांनी दारिद्र्याची कारणे आणि त्यावरील उपाय यांच्या शास्त्रीय अभ्यासासाठी वर्षाला १४०० पौंड देऊ केले. त्यातून उभ्या राहिलेल्या रतन टाटा प्रतिष्ठानाचे पहिले संचालक म्हणून आर. एच. टॉनी यांची नेमणूक झाली. साखळ्या बनविणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या इंग्रज कामगारांना किमान वेतन मिळाल्याने काय फरक पडला, याचा टॉनींनी केलेला अभ्यास १९१४ आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पारतंत्र्यातील देशाच्या एका नागरिकाने सत्ताधारी देशातील गरिबीच्या अभ्यासाचा खर्च उचलला, असा हा प्रकार होता. त्या संस्थेतील समाजकार्याच्या शिक्षणाचा पाया याच देणगीतून भक्कम झाला.

दानात नुसती दया पुरेशी नाही, दुःखाचे मूळ शोधले पाहिजे, असा रतनजींचा कल होता. मात्र ज्या संपत्तीच्या बळावर हे सारे घडत होते, ती नागपूर आणि मुंबईच्या गिरण्यांतील हजारो कामगारांच्या कष्टांतून आली होती, हेही विसरता येत नाही. संगमरवरी सागरकन्या आणि किमान वेतनाचा अभ्यास या दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून होत होता. ही विसंगती रतनजींना कितपत जाणवली, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. पण पुढे संपत्तीची जी व्यवस्था त्यांनी लावली, तिच्यात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

पाटलीपुत्राचा शोध

कलासंग्राहकाला जमिनीवरील वस्तू दिसतात, तशा जमिनीखालच्याही खुणावतात. रतनजींनी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे एक अभिनव प्रस्ताव मांडला. देशातील एखाद्या प्राचीन स्थळाचे उत्खनन करावे, त्यासाठी वर्षाला २० हजार रुपये आपण देऊ, असा तो प्रस्ताव होता. खात्याने पाटलीपुत्राची, म्हणजे पाटण्याजवळील मौर्यांच्या राजधानीची निवड केली. जानेवारी १९१३ मध्ये डी. बी. स्पूनर यांच्या देखरेखीखाली कुम्हरार येथे कुदळ पडली.

चकचकीत झिलई असलेल्या दगडी खांबांचे अवशेष तेथे मिळाले आणि खांबांच्या रांगांवर उभ्या असलेल्या एका भव्य दालनाचा माग लागला. इराणातील पर्सेपोलिसच्या दरबाराशी स्पूनर यांनी त्याचे साम्य दाखविले. त्याच्या आधारे त्यांनी भारतीय इतिहासावरील पारशी प्रभावाचा जो मोठा सिद्धान्त मांडला, तो विद्वानांनी स्वीकारला नाही. परंतु मौर्यकालीन दालन प्रकाशात आले, ते टिकून राहिले. पौराणिक आणि अर्धवट विस्मृत झालेली राजधानी पुराव्यानिशी लोकांसमोर येण्यास एका मुंबईकराच्या खिशातील पैसा कारणी लागला. भारतातील उत्खननाला एखाद्या खासगी व्यक्तीने इतके मोठे साह्य देण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय.

अखेरची वर्षे

१९१६ मध्ये सरकारने रतनजींना सर ही पदवी दिली. गांधी आणि गोखले यांना साह्य करणारा माणूस राजाकडूनही गौरविला गेला, ही त्या काळातील हिंदी धनिकांच्या दुहेरी आयुष्याची खूण होती. एव्हाना प्रकृती खालावली होती. पहिले महायुद्ध पेटलेले, समुद्रमार्ग पाणबुड्यांच्या धाकाखाली. तरीही उपचारांसाठी त्यांना इंग्लंड गाठावे लागले. तेथे फारसा उतार पडला नाही. ५ सप्टेंबर १९१८ रोजी कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. सरेतील ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत वडिलांच्या समाधीजवळ त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांना अपत्य नव्हते. अशा वेळी संपत्तीचे काय होते, हे ऑर्लेआं आणि राइट यांच्या कहाण्यांतून दिसले आहेच. लिलाव, पांगापांग आणि वस्तूंचा नवा वनवास. रतनजींनी मृत्युपत्र विचारपूर्वक केले होते. शिक्षण, विद्या, उद्योग, अर्थशास्त्र, आरोग्यशास्त्र, कला आणि मानवी दुःखाचे निवारण अशा कामांसाठी त्यांनी संपत्तीचा मोठा वाटा राखून ठेवला. जात-धर्म न पाहता आणि जाणत्यांकडून नीट अभ्यास करवून तो खर्च व्हावा, अशी त्यांची दृष्टी होती. त्यानुसार १९१९ मध्ये ८० लाख रुपयांच्या निधीतून सर रतन टाटा ट्रस्ट अस्तित्वात आला. कलासंग्रह त्यांनी मुंबईच्या संग्रहालयाला दिला.

संग्रहालयाला मिळालेला आत्मा

या देणगीचे महत्त्व समजण्यासाठी संग्रहालयाची त्या वेळची स्थिती पाहावी लागते. मुंबईत एखादे भव्य सार्वजनिक संग्रहालय असावे, अशी कल्पना शहरातील प्रमुख नागरिकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उचलून धरली. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते कोनशिला बसली. १९०९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि कारभार विश्वस्तांकडे आला. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी विजापूरच्या घुमटाची आठवण करून देणारी वास्तू रचली. १९१४ च्या सुमारास ती उभी राहिली आणि तोच महायुद्ध आले. संग्रहालयाऐवजी तेथे लष्करी रुग्णालय भरले. अखेर १० जानेवारी १९२२ रोजी ते जनतेसाठी खुले झाले.

इमारत देखणी होती. पण संग्रहालय भिंतींनी होत नाही. १९१५ मध्ये शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा भारतीय कलावस्तूंचा संग्रह विश्वस्तांनी मिळविला होता. त्यात १९२० च्या दशकाच्या आरंभी रतनजींच्या संग्रहाची भर पडली आणि युरोप व अतिपूर्वेच्या कलेची दालने एकदम समृद्ध झाली. युरोपीय चित्रकला प्रामुख्याने छापील प्रतिकृतींतून आणि ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टरच्या नकलांतून अभ्यासणाऱ्या मुंबईच्या कलाविद्यार्थ्यांना अस्सल तैलरंगाचा थर, कुंचल्याचा फटकारा आणि काळाने काळवंडलेले वॉर्निश प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. समुद्र ओलांडण्याची ऐपत नसलेल्या तरुणाला गिरगावातून चालत येऊन युरोप दिसू लागला.

पुढे थोरल्या बंधूंनीही तोच मार्ग धरला. सर दोराबजींचे १९३२ मध्ये निधन झाले, त्यांनाही अपत्य नव्हते. त्यांचा संग्रह १९३३ मध्ये याच संग्रहालयात आला. जमशेटजींच्या दोन्ही मुलांचे वंश खुंटले. परंतु दोघांचे दिवाणखाने एका छताखाली येऊन मुंबईकरांचे झाले. १९९८ मध्ये संग्रहालयाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. टाटांच्या संग्रहातील वस्तू तेथे आजही जतन केलेल्या आहेत.

नवाजबाईंची पन्नास वर्षे

पतीच्या निधनानंतर नवाजबाई जवळजवळ अर्धशतक जगल्या. मृत्युपत्रातील इच्छा कागदावर राहिल्या नाहीत, याचे मोठे श्रेय त्यांना जाते. जे. एन. पेटिट अनाथाश्रमात वाढलेल्या नवल या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. त्याच नवल टाटांचे चिरंजीव रतन हे पुढे उद्योगसमूहाचे प्रमुख झाले. नातवाचे नाव ठेवताना आजोबांची आठवण जपली गेली, ती अशी. १९२८ मध्ये गरजू पारशी स्त्रियांना शिवणकाम, भरतकाम आणि पाककलेतून स्वाभिमानाची कमाई मिळावी म्हणून सर रतन टाटा इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पतीच्या नावाच्या ट्रस्टची धुरा नवाजबाईंनी १९६५ मध्ये निधन होईपर्यंत वाहिली.

इंग्लंडमधील यॉर्क हाऊस त्यांनी १९२० च्या दशकात विकले. ट्विकनहॅमच्या नागरी परिषदेने ते घेतले आणि १९२६ मध्ये तेथे नगरपालिकेचे कार्यालय थाटले. घराबरोबर बाग आली आणि बागेबरोबर सागरकन्या. एका बदनाम धनिकाने खासगी हौसेसाठी मागविलेल्या मूर्ती अशा रीतीने ट्विकनहॅमच्या नागरिकांच्या मालकीच्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धात चांदण्यात चमकून शत्रूच्या विमानांना त्या वाट दाखवतील, या भीतीने त्यांच्यावर राखाडी लेप दिला गेला, असे सांगितले जाते. नंतरच्या काळात मोडतोड आणि दुर्लक्ष वाट्याला आले. १९८० च्या दशकात स्थानिक नागरिकांच्या पुढाकाराने त्यांचे पुनरुज्जीवन झाले. सार्वजनिक मालकी ही केवळ कागदावरची नोंद नसते, लोकांनी आपले मानले तरच ती टिकते, हे ट्विकनहॅमच्या रहिवाशांनी दाखवून दिले.

ठेव कोणाची

टिशियनच्या डायनासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या जनतेला एकविसाव्या शतकात कोट्यवधी पौंड उभे करावे लागले. मुंबईला रतनजींचा संग्रह शंभर वर्षांपूर्वी एका मृत्युपत्राने मिळाला. लिलाव झाला नाही, राष्ट्रीय निधी गोळा करावा लागला नाही. कदाचित म्हणूनच त्याची किंमत कमी वाटत असावी. फुकट मिळालेल्या ठेवीकडे घरातली माणसे दुर्लक्ष करतात, तसे काहीसे या दालनांच्या बाबतीत घडते. संग्रहालयात आलेला पाहुणा सिंधू संस्कृतीच्या वस्तू पाहतो, लघुचित्रांपुढे रेंगाळतो, नैसर्गिक इतिहासाच्या दालनात मुलांना प्राणी दाखवितो आणि वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत थकून जातो.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्याला टाटा हे नाव नवे नाही. कारखाने, नोकऱ्या आणि घरे यांच्या संदर्भात ते रोज कानांवर पडते. संपत्ती कशी निर्माण करावी, याचे धडे या पट्ट्यात पदोपदी मिळतात. निर्माण झालेल्या संपत्तीचे अखेर काय करावे, हा धडा मात्र गाडीत बसून सुमारे शंभर किलोमीटरवर जाऊन घ्यावा लागतो. सुट्टीच्या एखाद्या दिवशी मुलाबाळांसह तेथे जाणाऱ्या कुटुंबाने युरोपीय चित्रांच्या दालनात थोडा वेळ काढावा. भिंतीवरच्या तसबिरीखालील लहानशा पाटीवर देणगीदाराचे नाव दिसले, तर ते कोणत्या रतन टाटांचे, हे मुलांना सांगावे. ते सत्तेचाळीस वर्षे जगले, आणि त्यांनी निवडून आणलेल्या वस्तू आता त्यांच्या नसून पाहणाऱ्याच्या आहेत, एवढे सांगितले तरी पुरे.